पुष्पलताबाईंचं ‘चालते’

गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत कौतुकाला कधी तोटा नव्हता. भाजी जमली तरी ‘एकच नंबर’, व्यापाऱ्याच्या तोंडी प्रत्येक लुगडं ‘निर्दोष माल’, आणि लेक अंजूला तर सगळंच ‘परफेक्ट’. पुष्पलताबाईंच्या जिभेवर मात्र असल्या शब्दांना थारा नव्हता. नवऱ्यानं, श्रावणनं, मागावर करवती काठाचं पातळ विणलं की त्या त्यावर हात फिरवायच्या आणि काठावरचे करवतीसारखे दात एकेक करून नजरेखालून घालायच्या. खोट दिसली की बोट ठेवायच्या. नाही दिसली तर म्हणायच्या, ‘चालते.’ बस्स. बिनचूक फक्त देव, असं त्यांचं मत होतं, आणि त्याचंही कुठंकुठं चुकतंच, हे त्या हळूच जोडायच्या.

घरची रीतच तशी होती. विणणाऱ्यानं आपल्या कापडाला चांगलं म्हणायचं नाही, ते दुसऱ्यानं बघून सांगायचं. त्या एका ‘चालते’साठी श्रावण दिवसभर मान मोडून बसायचा.

गल्लीतले माग एकेक करून मोडीत निघाले, यांचा टिकला. मग श्रावणला लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. तेल लावून, चोळून, पिठाचे गोळे दाबून त्यानं बोटांत थोडी हालचाल आणली. तेवढ्यात अंजूचं लग्न जमलं. लेकीचं लग्नाचं पातळ बापाच्या हातचं असायचं, हेही घरात ठरलेलंच. सगळे नको नको म्हणत असताना श्रावण मागावर जाऊन बसला.

वीतभर कापड झाल्यावर त्यानं बायकोला हाक मारली. बाईंनी हात फिरवला. उजव्या काठाचा एक दात अर्ध्यातच बसला होता. सांगावं तर हा माणूस मागावरून उठेल आणि पुन्हा कधी बसणार नाही, या भीतीनं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कापडाबाबत खोटं सांगितलं.

“बिनचूक आहे,” त्या म्हणाल्या. “एकदम बिनचूक.”

श्रावणचा चेहरा पडला.

“खोटं काहून बोलून राहिली वं?” तो म्हणाला. “माह्या हाताले तू आजपर्यंत कधी बिनचूक म्हटलं नाही. आज म्हटलं. म्हणजे तू मले कारागिरातून काढलं. कुठं चुकलं ते दाखव.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्या दातावर बोट ठेवलं. श्रावण त्याच अधू हातानं वीण उकलू लागला. मदतीला पुढे आलेला त्यांचा हात त्यानं बाजूला सारला.

मग बाईंनीही कंबर कसली. रोज संध्याकाळी दिव्याखाली तपासणी, आणि दयामाया नाही. दाखवलं की तो उकलायचा आणि पुन्हा विणायचा. शेजारणी म्हणाल्या, या बाईच्या छातीत काळीज नाही, दगड आहे. अंजू तर रडकुंडीला आली. फोटोत कोणाला दिसणार आहे, असं म्हणून तिनं आईचे पाय धरायचे बाकी ठेवले. बाईंनी कोणाचं ऐकलं नाही. काठाचे दात नीट येऊ लागले आणि श्रावणला पुन्हा भूक लागू लागली.

लग्न तोंडावर आलं तेव्हा पातळ मागावरून उतरलं. बाईंनी ते खाटेवर पसरलं आणि पदरापासून काठ बघायला घेतला. श्रावण अंजूसोबत दाराशी उभा होता. एका जागी त्यांचं बोट थांबलं. दाताचं टोक जरा बोथट होतं, हात धड असतानाही कधीमधी यायचं तसं.

“उकलू का?” श्रावणनं विचारलं.

त्यांनी ते टोक पुन्हा एकदा चाचपलं, मग पुढचा सगळा काठ शेवटापर्यंत पाहिला. घाई केली नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “चालते.”

श्रावणनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पोरीसमोरच तो ढसाढसा रडला.