खाटेखालचे बोंबील

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर ओळ सोडून खाली घसरतं. चौथीनंतर सहीपलीकडे फारसं लिहिलंच नाही. मुलीच्या कॉलेजच्या वहीत मागची पानं कोरी सापडली, म्हणून बसले. हे कुणाला दाखवायचं नाही.

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. बोरिवलीच्या आमच्या खोलीत तेव्हा खाटेखाली आठ बरण्या असायच्या, सगळ्यांत सुके बोंबील. गोराईहून तीच बोटीने आणायची. काही बांबूवर टांगून सुकवलेले, काही जमिनीवर पसरून. दर रविवारी बरण्या काढायची, वजन करायची, फोटो घ्यायची, वहीत लिहायची. हा प्रकल्प तिचा एकटीचा होता, विषयही तिनेच काढलेला. मला वाटायचं, मासळी कशी टिकवायची ते शिकते आहे.

कॉलेजच्या एक मॅडम तिला मार्गदर्शन करायच्या. घरी आली की ही कुरकुरायची. "आई, त्या काही सांगतच नाहीत गं. काही विचारलं की म्हणतात, मग आता काय करशील?"

"मग कसल्या मॅडम त्या," मी म्हणायचे.

मार्चमध्ये एकदा झाडताना बरण्या पुढे ओढल्या, तर तीन बरण्यांत पांढरी-हिरवी बुरशी. आम्ही मालवणकडची माणसं. सुक्या मासळीला बुरशी दिसली की हात गप्प राहत नाही. मी सगळे बोंबील काढले, पुसले, मीठ चोळलं आणि गच्चीवर जुन्या साडीवर एकत्र पसरले. बरण्या घासून पालथ्या घातल्या.

संध्याकाळी ती आली. साडीकडे बघत राहिली.

"यातला कुठला कुठल्या बरणीतला?"

"सगळे सारखेच ना गं. खराब होत होते, वाचवले."

"आई, बुरशी कधी येते तेच तर मी बघत होते."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिथेच गच्चीवर बसून राहिली. सहा आठवड्यांचं काम गेलं होतं. महिन्याभरात प्रकल्प द्यायचा होता, नाहीतर वर्ष जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन घरचं पोळ्या करायचं काम बुडवून कॉलेजात गेले. मुलगी पुढे, मी मागे. मॅडमच्या खोलीबाहेर मी चप्पल काढली, तर मुलगी कुजबुजली, "आई, इथे काढत नाहीत." मी तशीच अनवाणी आत गेले आणि जे केलं ते सांगितलं. खुर्चीवर बसायला मात्र जमलं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, बुरशी नसलेलेसुद्धा तुम्ही उन्हात का टाकले?"

"त्यातले काही ओलेच होते."

"कसं कळलं?"

"मोडून बघायचा. सुकलेला कट्ट करून तुटतो. ओला वाकतो."

मॅडम मुलीकडे वळल्या. "मग आता काय करशील?"

पोरीने वही उघडली. मग म्हणाली, "आईचं मोडून बघणं खरं आहे का, तेच तपासलं तर? ते महिन्याभरात होईल."

नवे बोंबील आणले. मॅडमनी त्यांना नुसते आकडे दिले, कुठला कसा सुकवलाय ते मला सांगितलं नाही. मी एकेक मोडायचे, सुका की ओला ते सांगायचे, मुलगी लिहायची. त्यातलेच तुकडे बाहेरच्या लॅबमध्ये ओल मोजायला गेले. लॅबची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. मॅडमनी स्वतःच्या पाकिटातून भरली.

बरेचसे माझे बरोबर निघाले. जास्त मीठ लावलेले मात्र चुकले, मिठाने ते कडक झाले होते, आत ओल होती. मुलीने प्रकल्पात ते चुकलेले गाळून बाकीचंच लिहिलं होतं. मॅडमनी परत पाठवलं. "आईचं म्हणून गाळायचं नाही." मला ते ऐकून बरं वाटलं. कुणी माझं सांगणं एवढं मनावर घेऊन तपासलं नव्हतं. आणि चुकलेले कसे ओळखायचे ते मलाही आता कळलंय, पोटाकडून मोडायचे.

प्रकल्प पास झाला. आता ती बंगळूरला पुढचं शिकते. खाटेखाली गाद्या आहेत, वास नाही. रविवारी सकाळी अजून माझं लक्ष तिकडे जातं. ती फोनवर सांगते, "आई, इथले सरही काही सांगत नाहीत गं," आणि हसते.

लॅबचे पैसे मात्र मी देणार म्हणाले होते. मॅडम नको म्हणाल्या. "विद्यार्थ्यांसाठी करतेच मी ताई."

"ती विद्यार्थिनी. बरण्या मी धुतल्या."

पगार झाला की मी कॉलेजात जायचे, जमेल तेवढे द्यायचे. गेल्या महिन्यात उरलेले सगळे दिले. मॅडमनी माझ्यासमोर मोजले, पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "पूर्ण झाले, ताई." मग खुर्ची पुढे केली. मी बसले.