ठाण्याला जाऊन नाचणारे डोंबिवलीकर

लाज वाटावी असे प्रसंग माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी एक-दोन येत असावेत, अशी माझी समजूत होती. पन्नाशीत कपल डान्सचा क्लास लावला आणि ते आठवड्याला दोन या दराने जमा व्हायला लागले. आता सांगून मोकळा होतो, नाहीतर सुनंदा सांगेलच, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

सुनंदा म्हणजे आमची बायको. तिच्या भाच्याचं लग्न ठरलं आणि तिने जाहीर केलं, "रिसेप्शनला आपण दोघं नाचायचं. माझ्या माहेरच्यांसमोर. आयुष्यात एकदा!" तिने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी फार नाहीत, म्हणून हो म्हणालो.

\*

क्लास आमच्या डोंबिवलीतही होता, अगदी भाजी मार्केटसमोर. "इथे? ओळखीचे बघतील!" मी म्हणालो. म्हणून ठाण्याचा शोधला.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या रिद्धीने ओळख करून घेतली. "कुठून येता?" पहिलं जोडपं म्हणालं, डोंबिवली. दुसरं, डोंबिवली. तिसरंही! मग दार उघडून आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी सावंत सपत्नीक आत आले. मला बघून जागीच थबकले.

"मी... ते... लिफ्टवाल्याचं ऑफिस बघायला आलेलो," सावंत म्हणाले. हातात नवे डान्सचे बूट होते.

\*

रिद्धी आमच्या मुलाच्या वयाची. मी सारखा खाली बघायचो.

"सर, पायांकडे नाही, पार्टनरकडे बघा."

"अगं, बघितलं नाही तर पाय पडतील कुठे?"

"सर, आत्ताही मॅमच्याच पायावर पडतायत!"

\*

क्लासमध्ये मध्येच "चेंज पार्टनर!" असा पुकारा होतो आणि बायका एकेक जागा पुढे सरकतात. परक्या बाईच्या पाठीवर हात ठेवायचा म्हणजे मला दरदरून घाम. मी उपाय काढला. प्रत्येकीला आधीच "सॉरी हं ताई" म्हणायचं आणि मग हात ठेवायचा. सगळ्यांना बरं वाटायचं, मला जास्त.

असं चार-पाच जणींना सॉरी म्हणून झालं. पुढची समोर आली, मी मान खाली घालून हात पुढे केला, "सॉरी हं ताई."

समोर सुनंदा होती.

"राहू दे," ती म्हणाली, "पुढच्या वेळी येताना राखी आणते!"

\*

एकदा बायका कमी आल्या आणि मी आणि सावंत उरलो. रिद्धी म्हणाली, "तुम्ही दोघं करा ना!" आमचं पार्किंगवरून वर्षभर वाजलेलं होतं. तरी हातात हात घेतले.

"डावीकडे या," सावंत गुरगुरले.

"कसा येऊ? डावीकडे कायम तुमचीच गाडी असते."

"अहो, एकाने लीड करा, एकाने फॉलो!" रिद्धी ओरडली. ते काही आम्हाला गाणं संपेपर्यंत जमलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्येही जमत नाही.

\*

घरी प्रॅक्टिस करायची म्हणून हॉलमधला टीपॉय बाजूला सारला. ऐन रंगात लॅच उघडून मुलगा आत आला. आम्ही दोघं असे लांब उडालो की सुनंदा सोफ्यावर आणि मी पडद्यात.

"चालू द्या बाबा," तो बूट न काढताच म्हणाला, "मी एक राउंड मारून येतो."

\*

हा किस्सा सांगताना मला अजूनही हसू येत नाही. क्लासच्या जिन्यात ऑफिसमधला एक सहकारी भेटला. "काय साहेब, इथे कुठे?" त्याच मजल्यावर एका फिजिओथेरपिस्टची पाटी होती. मी पटकन म्हणालो, "हिचा गुडघा हो. फार दुखतो."

सुनंदाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कठडा धरून लंगडत जिना उतरली. रिक्षात बसेपर्यंत लंगडत होती. मग म्हणाली, "लंगडी बायको चालते तुम्हाला. नाचणारी सांगायची लाज वाटते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी तिला शब्द दिला की रिसेप्शनला नाचेन, कोणीही समोर असो.

\*

रिसेप्शन कल्याणला होतं. सुनंदाने मोरपंखी साडी नेसली होती. आमचं गाणं लागलं, ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. पहिल्या रांगेत तिचं अख्खं माहेर. त्या माणसांसमोर मी पंचवीस वर्षं गंभीर जावई म्हणून वावरलो होतो.

"आलोच," मी म्हणालो, "आइस्क्रीम संपेल." आणि सरळ काउंटर गाठला.

वाटी घेऊन वळलो तर सुनंदा नाचत होती. एकटी. डावा हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा अधांतरी, उजवा कुणीतरी धरल्यासारखा. मी क्लासला दांडी मारली की रिद्धी तिच्याकडून असंच करून घ्यायची. डोळे समोर, चेहऱ्यावर हसू, एक पाऊल चुकत नव्हतं.

तिच्या मामींनी खुर्चीतूनच खणखणीत आवाजात विचारलं, "अगं सुनंदा, जावईबापू कुठे गेले?"

हात जराही खाली न घेता तिने गिरकी घेतली.

"हे काय मामी, नाचतायत की माझ्याबरोबर!"