मनकर्णाबाईची तांबडी

बिडकीनची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली आणि बद्रीनाथराव शहरात बंगला बांधून साहेब झाले. साहेब झालं की दारात काहीतरी पाळावं लागतं. यांनी अंगणात सिमेंटचा हौद बांधून अठरा रंगीत मासे सोडले. माशांची जात विचारली तर रावांना सांगता येत नसे, पण पाहुण्याला आधी हौद दाखवायचा, मग चहा. दाणे टाकायचं काम मोलकरीण मनकर्णाबाईचं. त्यातली एक थोराड तांबडी मासळी तिच्या बोटांतून दाणा उचलायची. तिच्यापायी बाई सुटीच्या दिवशीही यायची.

रावांचा जन्म टँकरच्या रांगेत गेलेला. थेंब वाया जाऊ नये म्हणून त्यांनी गच्चीचा पाइप थेट माशांच्या हौदात सोडला होता. जूनमध्ये एका सकाळी आभाळ भरलं, वारं घोंघावू लागलं, तशी मनकर्णाबाई म्हणाली, "मालक, पाइप काढून बाहेर सोडा. हौद भरून वाह्यला तं मासे रस्त्यावर जातील."

"अगं येडे, मासा पाण्यानं मरतो व्हय? शेळी नाय ती!"

मग तिनं आपलं जुनेर आणून हौदावर ताणून बांधलं. पाणी वाहून जाईल, मासे राहतील, एवढी साधी गोष्ट. रावांनी ते ओढून फेकलं. दुपारी सिल्लोडचे व्याही यायचे होते; त्यांच्यापुढं चिंध्या कशा दिसतील?

व्याही आले, पाठोपाठ पाऊसही. अख्ख्या गच्चीचं पाणी हौदात कोसळलं, हौद उतू गेला आणि मासे फाटकाखालून रस्त्याला लागले. राव व्हरांड्यात छत्री उघडून ओरडत होते, "धरा, धरा!" पण एक पायरी उतरतील तर शपथ. मनकर्णाबाई चिखलात बसून दोन्ही हातांनी मासे बादलीत टाकत होती. सात हाती लागले. तांबडी नालीच्या तोंडाशी सापडली, मेलेली. तिला पदरात घेऊन बाई तिथंच रडली.

"रडती कशाला?" राव व्याह्यांकडं बघत हसले. "उद्या नव्या आणू, हिच्याहून मोठ्या."

मनकर्णाबाईनं डोळे पुसले. "मोठ्या नका आणू मालक, प्लास्टिकच्या आणा. जिवंत जीव तुमच्याच्यानं सांभाळणं व्हत नाय."

तिनं सात माशांची बादली उचलली आणि व्याह्यांच्या देखत फाटकाबाहेर पडली. रावांना तिला अडवायचं होतं, पण बाहेर अजून पाऊस होता.