बाळंतिणीच्या खोलीतलं वारं

अंबूबाईंच्या पायाला भिंगरी होती. बाळंतिणींना न्हाऊ घालायचं त्यांचं काम. बंगळूरात चिकपेटेपासून मल्लेश्वरमपर्यंत कुठल्याही मराठी घरात बाळंतपण असलं की सकाळी सातला त्या हजर. खोलीत शिरल्या की तेलाच्या वाटीआधी त्यांची नजर भिंतींवर जायची. खिडकीची फट, दाराखालची फट, छताजवळचा झरोका, सगळीकडे चिंध्या कोंबायच्या आणि मग खाटेखाली रसरशीत कोळशांची शेगडी सरकवायची. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, या एका वाक्यावर बाईंनी तीस वर्षं राज्य केलं. भल्याभल्या सासवा त्यांच्यापुढे चळचळा कापत.

बासष्टच्या थंडीत त्यांची स्वतःची लेक नीला बाळंत झाली. जावई मधुकर सरकारी कारखान्यात फिटर, राहायला क्वार्टर्समध्ये. चिंध्यांचं गाठोडं काखेत मारून अंबूबाई पोचल्या आणि दारातच थबकल्या. जावईबापूंनी खोलीच्या भिंतीला भोक पाडून ठेवलं होतं. तेही सरकारी भिंतीला!

पलीकडे न्हाणी होती. तिथं पाण्याच्या हंड्याखालच्या चुलीला मधुकरनं धुरासाठी पत्र्याचं नळकांडं बसवलं होतं, आणि त्याच्याभोवती दुसरं, जरा मोठं. आतल्या नळकांड्यातून धूर छपराबाहेर जायचा. दोन्हींच्या मधल्या पोकळीत बाहेरची स्वच्छ हवा शिरायची, धुराच्या उष्णतेनं तापायची आणि भिंतीतल्या भोकातून खोलीत यायची. कोंदट हवा वरच्या झरोक्यातून निघून जायची.

"जाळ तोच, आई," मधुकर कौतुकानं सांगत होता. "त्याच्यावर न्हाण्याचं पाणी तापतं आणि खोलीही. शेगडी लागतच नाही."

"ओल्या बाळंतिणीवर वारं सोडता होय?" अंबूबाई म्हणाल्या. तो वळला मात्र, त्यांनी भोकात चिंध्यांचा बोळा कोंबला, झरोका बंद केला आणि शेगडी पेटवून आत आणली.

सासूपुढे कधी आवाज न चढवलेला तो माणूस त्या दिवशी ओरडला. बोळा उपसून काढला, शेगडी उचलून अंगणात नेऊन आपटली.

"गेल्या वर्षी एका गोदामाचा राखणदार असाच दार लावून शेगडीपाशी बसला, तो गेला. मी पाहिलंय त्याला, आई. गाल लालबुंद, जिवंत माणसासारखे! डॉक्टर म्हणाले, पेटलेल्या कोळशातून विष निघतं. त्याला धूर नाही, वास नाही. आधी नुसतं डोकं दुखतं."

लाल गाल अंबूबाईंनीही पाहिले होते.

अकरा वर्षांपूर्वी चिकपेटेतल्या भागुबाईंची लेक कमला बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी गेली होती. बाळ शेजारच्या खोलीत आजीजवळ होतं, म्हणून वाचलं. कमलाचे गाल कुंकवासारखे लाल, आणि बायका म्हणाल्या, सवाष्णीचं तेज बघा. त्या दुपारी कमलाचं डोकं दुखत होतं, म्हणून भागुबाईंनी जराशी खिडकी उघडली होती. अंबूबाईंनी आकांडतांडव करून ती लावायला लावली. कमला गेल्यावर भरल्या घरात त्यांनीच निवाडा दिला, "तुम्ही खिडकी उघडलीत, तिथंच वारं लागलं." भागुबाईंनी तो मान खाली घालून ऐकला होता.

आता अंबूबाईंना चैन पडेना. नीलाला न्हाऊ घालताना तेलाची वाटी हातातून निसटे. जेवताना त्या मध्येच उठत, भोकापुढे हात धरून ती कोमट हवा चाचपत, परत बसत, परत उठत. राखणदार म्हातारा असेल. प्यायला असेल. माझ्या हातच्या इतक्या बायका जगल्या की! मग आठवे की त्यांतल्या कितीतरी जणी डोकं दुखतं म्हणायच्या, आणि आपण दटावायचो, "काही नाही, दूध चढतंय." मधुकर खोटा ठरावा म्हणून बाईंनी देवाला हात जोडले. नीला आणि बाळ मात्र त्या मोकळ्या, उबदार खोलीत गाढ झोपत होती.

नवव्या दिवशी नीलाचं न्हाणं उरकलं आणि बाईंनी चिकपेटेची बस धरली.

भागुबाई भाजी निवडत होत्या. पाहुणी दिसताच त्या लगबगीनं उठल्या. "या की ओ, अक्का. स्वल्प थांबा, वारं यायलंय," म्हणत त्यांनी आधी खिडकी लावली. अकरा वर्षं त्या घरात हेच चाललं होतं.

अंबूबाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "भागुबाई, कमला वाऱ्यानं गेली नाही. माझ्या शेगडीनं गेली. तुमची चूक नव्हती, माझी होती." राखणदार, लाल गाल, डोकेदुखी, सगळं त्यांनी सांगून टाकलं. भागुबाई शिव्या देतील, अंगावर धावून येतील, निदान रडून मोकळ्या होतील असं त्यांना वाटलं होतं.

भागुबाईंनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

"मी उघडली होती की खिडकी," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही लाव म्हटलासा, म्हणून ह्याच हातानं लावली. नसती लावली तर?"

खोटं बोलायची तेवढी एक संधी होती. अंबूबाईंना ती घेता आली नाही.

"जगली असती."

"अकरा वर्षं उघडली म्हणून रडले, अक्का," भागुबाई म्हणाल्या. "आता लावली म्हणून रडू?"