मामींनी सांगितलेला शेवट

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बंगळुरात बनशंकरीला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते आणि एका सरकारी कचेरीत कारकून होते. मी निपाणीकडची, त्यामुळे मराठी घरचं, कन्नड शाळेतलं, आणि तमिळ म्हणाल तर 'वा' आणि 'पो'. म्हणजे ये आणि जा. एवढ्यावर बस पकडता येते, सिनेमा कळत नाही. पण त्या वर्षी मी तमिळ सिनेमांची समीक्षक झाले.

त्याचं असं झालं. आमच्या मराठी मंडळाचं आठ पानांचं मासिक निघायचं, सायक्लोस्टाइल केलेलं, बोटांना शाई लागणारं. संपादक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यातले, मराठीत कन्नड मिसळून बोलणारे. संक्रांतीच्या कार्यक्रमात मी आभार जरा चुरचुरीत मानले, तेवढ्यावर त्यांनी मला तिसरं पान देऊन टाकलं.

"कशावर लिहू?" मी विचारलं.

"काहीही लिहा अक्का. फक्त स्वल्प लवकर द्या."

'काहीही' इतका अवघड विषय जगात दुसरा नाही. अवरेकाळूच्या, म्हणजे इथल्या वालाच्या शेंगांवर लिहायला बसले, तर चार ओळींत शेंगा संपल्या. साहेबांवर लिहिलं ते झकास उतरलं, पण छापलं असतं तर नोकरी गेली असती. परगावच्या एकटेपणावर लिहिलं आणि वाचताना मलाच डुलकी लागली. रविवारी दुपारी मी कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मामी वर आल्या. मामी तमिळ, साठीच्या, विधवा. आमचं बोलणं कन्नडमधून चालायचं.

"नुसती पेन चावत बसलीयस. चल, पिक्चरला जाऊ. मला एकटीला जायला आवडत नाही."

"मामी, मला तमिळ कुठे येतं?"

"मला येतं ना. मी सांगते."

मार्केटजवळच्या थिएटरात मॅटिनीला गेलो. नवाकोरा सिनेमा होता. पडद्यावर नायक बस चालवत होता, नायिका रोज त्याच बसनं कॉलेजला जात होती, आणि तिचा मिशाळ बाप दोघांवर ओरडत होता. मामी माझ्या कानाला लागून सगळं सांगत होत्या आणि मी अंधारात वहीवर रेघोट्या ओढत होते. मध्यंतरापर्यंत सगळं सुरळीत होतं. शेवटाला नायिका रडत रडत नायकाच्या पाया पडली.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, मला लग्न नको. बँकेची परीक्षा पास झालेय. मद्रासला नोकरीला चालले."

"मग पाया का पडते?"

"निरोप घेते. मोठा आहे ना तो तिच्याहून."

एवढ्यात पडद्यावर मांडव, नादस्वरम, आणि नायिका नायकाच्या शेजारी नटूनथटून बसलेली.

"मामी, हे तर लग्न!"

"स्वप्न आहे गं. त्याचं. बिचारा."

मी भारावून गेले. घरी येऊन एका बैठकीत तिसरं पान भरलं. तमिळ सिनेमा आपल्या किती पुढे गेलाय, तिथली नायिका प्रियकराचा सन्मानानं निरोप घेऊन बँकेत रुजू होते, आणि लग्नाला दिग्दर्शक फक्त पुरुषाच्या स्वप्नात जागा देतो, असं बरंच काही लिहिलं. 'मार्मिक' हा शब्द तीनदा वापरला.

अंक निघाला आणि मंडळाच्या महिला शाखेत खळबळ उडाली. बारा जणींनी ठरवलं की हा सिनेमा पाहायचाच. जाणकार म्हणून मला मध्ये बसवलं. मामी नेमक्या बहिणीकडे गेल्या होत्या, पण मला कथा पाठ होती. मी ऐटीत दोन्ही बाजूंना समजावत होते. माझ्या डाव्या हाताला जे. पी. नगरच्या एक काकू होत्या. त्या तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, तमिळ त्यांना घरच्यासारखं, हे मला माहीत नव्हतं. सिनेमाभर त्या माझं समजावणं ऐकत होत्या. नायिका पाया पडली आणि मी म्हणाले, "बघा, आता ती नोकरीला निघाली," तेव्हा त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे गदगदत होते. मला वाटलं, रडताहेत.

"काकू, सावरा."

"अगो," त्या कशाबशा म्हणाल्या, "ती म्हणत्ये, कॉलेज सोडत्ये, बँक नको न काही नको, तुमच्या पायाशी ठेवा!"

मांडव आला. 'स्वप्न' म्हणायचं धाडस मला झालं नाही. स्वप्न असतं तर त्यात पुढे बारसं कशाला निघालं असतं? पहिल्या खेपेला मामींनी मला बस चुकेल म्हणून बारशाआधीच उठवलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं. परतीच्या बसमध्ये बारा जणी माझ्याकडे बघून खिदळत होत्या.

मामी आल्या त्या संध्याकाळी मी सरळ खाली गेले. "मामी, तुम्ही मला फसवलंत."

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तमिळमध्ये एम. ए. होणार होते. पहिल्या वर्षाला लग्न झालं. नवरा भला होता, तक्रार नाही. पण पस्तीस वर्षं मी ह्या पोरींना पाया पडताना बघतेय. म्हटलं, एकीला तरी नोकरीला लावू." मग हसल्या. "आणि तू वहीत एवढं भराभर लिहीत होतीस! थांबवायला जीव होईना."

माझा राग कुठल्या कुठे गेला, पण लाज उरली. पुढच्या अंकासाठी मी सगळा कबुलीजबाब लिहून टाकला आणि संपादकांना तिसरं पान परत घ्या म्हणाले. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला.

"अक्का, मी लहानपणापासून तमिळ पिक्चर बघतोय. तो सिनेमा मी तुमच्या आधी बघितला होता."

"मग छापलंत कसं?"

"त्याच्यापेक्षा तुमचा बरा होता. सरी, ठीक आहे, पुढचा कधी देताय?"

कबुलीजबाब छापून आला आणि महिला शाखेनं फर्मान काढलं: पुढच्या सिनेमाला मामींना घेऊन या. मी घेऊन गेले. माझ्या उजवीकडे मामी, डावीकडे तंजावरच्या काकू. एका कानात सिनेमा, दुसऱ्या कानात मामींचा सिनेमा. त्यातल्या खलनायकाला मामींनी मध्यंतराआधीच शाळामास्तर करून टाकलं, आणि मागच्या रांगेतून कुजबुज आली, "काकू, तुम्ही थांबा जरा. मामींचं ऐकू द्या."