दोन बटणांची खाण

माजरीच्या आमच्या कॉलनीत खाणीचे नकाशे काढणाऱ्या एक बाई राहत. कॉलनीत टीव्ही नुकते आले होते, तेव्हा त्या टीव्हीला छोटा कॉम्प्युटर जोडून स्वतः खेळ बनवत. पडद्यावर खाणीतली वाट तिरपी, वरून पाहिल्यासारखी दिसे; त्या वाटेनं एका छोट्या माणसाला खाणीबाहेर काढायचं. कोणी खेळायला बसलं की बाई पडद्याकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघत.

माझी उजव्या हाताची तीन बोटं कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलेली. चार दिशांची चार बटणं मला जमेनात.

"राहू द्या बाई, मले नाई जमत."

"तुमचं नाई भाऊ, माझंच चुकलं."

आठवडाभर खपून त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. आता बटणं दोनच होती, एक वळायला आणि एक चालायला. त्या रविवारी माझा माणूस खाणीतून वर आला. मी हसत उठू लागलो.

"बसा भाऊ," बाई म्हणाल्या, "पुढची खाण याच्याहून कठीण हाय."