मामांनी माझ्या सँडलला पॉलिश केलं त्याची गोष्ट

आमच्या आत्याच्या घरात महत्त्वाच्या विषयांवर मतदान होतं, आणि आजवरचं सगळ्यात लांबलेलं मतदान माझ्या सँडलवर झालं.

मी मूळची हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली (मी सोडली की शाळेने मला सोडलं, यावर घरात अजून दोन मतं आहेत) आणि पुढे काही वर्षांनी आत्याने मला डहाणूला आणलं. आत्या, मामा आणि त्यांची कॉलेजात जाणारी आरती. मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. या तिघांनी मला घरात अशी जागा दिली की मी कधी पाहुणी होते हे मलाच आठवत नाही. त्यांच्या ओळखीनेच मला चिकूच्या शेडमध्ये काम मिळालं. पेट्या भरायच्या आणि त्यावर नाव-गाव लिहायचं. माझं अक्षर बरं आहे. तेवढ्यावरून एके दिवशी शेठचा निरोप आला: "तलासरीच्या ऑफिसातली बाई बाळंतपणाला गेली, आता परत नाही यायची. मनीषाबेनला उद्या एक दिवस बसवून बघू. जमलं तर तिथेच कायम, नाहीतर परत शेडमध्ये."

ऑफिस! आमच्या अख्ख्या घराण्यात खुर्चीवर बसून काम केलेलं माणूस नाही. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

"घालून काय जाणार?" आत्याने विचारलं.

"आरतीचा निळा ड्रेस."

"आणि पायात?"

पायात माझी उन्हाळ्याची सँडल होती. बदामी रंगाची, मऊ तळाची, दोन पट्ट्यांची. शेडमध्ये दिवसभर उभं राहून टाचा ठणकायच्या म्हणून आत्यानेच आणून दिली होती. पायात आहे की नाही हे कळायचं नाही, इतकी सुखाची. आत्याने ती उचलून दिव्याखाली धरली.

"मने, ही भाजी आणायला ठीक आहे. ऑफिसात चालेल का?"

"आई, मुंबईत मोठमोठ्या बायका सँडल घालून ऑफिसला जातात," आरती म्हणाली.

"त्या मोठ्या आहेत म्हणून चालतं. हिला अजून मोठं व्हायचंय."

मग आरतीचे बंद बूट घालून पाहिले. ते दोन नंबरांनी लहान निघाले. मी मोरीपर्यंत चालून दाखवलं, तर आत्या म्हणाली, "नको बाई, शेठला वाटेल आजारी मुलगी पाठवली."

मग मामा पुढे आले. मामा एका शाळेत शिपाई होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बुटांना पॉलिश केल्याशिवाय ते अजून दुधाची पिशवी आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. त्यांनी सँडल हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि निकाल दिला. "सँडलचा दोष नाही. रंगाचा आहे. काळी असती तर ऑफिसचीच वाटली असती."

"म्हणजे?"

"झोप तू. सकाळी बघ."

सकाळी उंबऱ्याशी काळीभोर, चकचकीत सँडल ठेवलेली. मामांनी पट्ट्या काळ्या केल्या होत्या, कडा काळ्या केल्या होत्या, आणि जिथे पाय ठेवतात तो आतला तळसुद्धा काळा केला होता, कारण अर्धवट काम त्यांना आवडत नाही. "दोन हात दिलेत," ते म्हणाले. इतक्या प्रेमाने केलेल्या कामाला नाव ठेवायचं म्हणजे पाप. मी त्यांच्या पाया पडले आणि सँडल घातली. जरा चिकट लागली. मला वाटलं, ऑफिसची चप्पल अशीच लागत असेल.

मे महिना. शेअर जीपमध्ये माझ्या पायाखाली इंजिनाची ऊब होती, आणि पायांना घाम येण्याचं कारण नुसतं ऊन नव्हतं. मी मनातल्या मनात "नमस्कार शेठ" वेगवेगळ्या आवाजात म्हणत तलासरीला उतरले.

ऑफिसच्या दाराशी पोचले आणि बघते तर काय, बाहेर चपलांची रांग! आत समोरच देवाचा फोटो, त्यापुढे उदबत्ती, आणि सगळं ऑफिस अनवाणी. रात्रभर आमच्या घराने ज्यावर डोकं फोडलं, ते पायताण आत जाणारच नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला, सँडल रांगेत ठेवली आणि नव्याकोऱ्या, दुधासारख्या पांढऱ्या फरशीवर पाऊल टाकलं.

(आपलेच तळवे माणूस दिवसातून किती वेळा बघतो? मी तरी बघत नाही.)

हिशेब सांभाळणारे राऊतभाऊ खुर्चीवरून न उठता म्हणाले, "हा फोन. ते पावत्यांचं कपाट. शेठ अकराला येतात. आणि त्यांच्या केबिनमध्ये कोणी जायचं नाही, गार हवा बाहेर जाते." एवढं सांगून ते पेपरमागे गेले.

फोन वाजला. वापीहून ड्रायव्हर कालच्या गाडीची पावती विचारत होता. मी कपाटाकडे धावले. परत फोन, परत कपाट. मध्ये पाणी प्यायले. घड्याळ नीट दिसेना म्हणून त्याच्या खाली जाऊन बघितलं. राऊतभाऊ चहाला बाहेर गेले आणि नेमका केबिनमधला फोन वाजायला लागला. आता काय करावं? शेठचा धंदा बुडाला तर? गेले आत. फोन उचलला, निरोप लिहून घेतला. आत इतकं गार होतं की मी शेठच्या खुर्चीत फक्त एक मिनिट टेकले. ती खुर्ची फिरायची. मी ती एकदाच फिरवली.

बाहेर आले तर फरशी पुसणारी लक्षीबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. तिच्यामागे चहावरून परतलेले राऊतभाऊ.

"कोनाची पावलां ही?"

मी खाली बघितलं. दारापासून माझ्या टेबलापर्यंत, टेबलापासून कपाटापर्यंत, सगळीकडे पाचही बोटांसकट काळी कुळकुळीत पावलं! लक्ष्मीची पावलं काढतात तशी, फक्त लक्ष्मी कोळशाच्या वखारीतून आलेली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेठ आले. पांढरा सदरा, कपाळाला टिळा. त्यांनी फरशीकडे पाहिलं.

"आ शू छे? हे काय आहे? चोर आला होता काय?"

पावलं केबिनच्या दारातून आत गेलेली पाहून शेठचा चेहरा बदलला.

"चला, सगळ्यांनी पाय दाखवा."

मग राऊतभाऊ, लक्षीबाई आणि मी, तिघं भिंतीला हात टेकून एकेका पायावर उभे राहिलो. राऊतभाऊंचा तळवा गुलाबी होता. लक्षीबाईचा स्वच्छ. माझा पाय बघून शेठ दोन पावलं मागे सरकले.

मग मात्र माझा बांध फुटला. सँडल, मतदान, मामा, पॉलिशचे दोन हात, हिंगोली, आठवी, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. "केबिनमधला फोन वाजत होता म्हणून गेले, शेठ. निरोप लिहून ठेवलाय. मी पुसते सगळं आणि शेडमध्ये परत जाते."

शेठ पावलांच्या बाजूबाजूने चालायला लागले. कपाटापाशी थांबले.

"इकडे इतक्या वेळा?"

"ड्रायव्हर पावत्या मागत होते. एकावेळी एकच सांगायचे."

"मिळाल्या?"

"सगळ्या."

ते केबिनमध्ये गेले, निरोप वाचला, खुर्चीखाली वाकून पाहिलं. "आणि हे गोल काय?"

मी मान खाली घातली. "खुर्ची फिरते का ते बघितलं, शेठ."

"हं. पहिल्या दिवशी मी पण बघितलं होतं." ते बाहेर आले आणि राऊतभाऊंच्या टेबलाकडे वळले. तिथली फरशी आरशासारखी लखलखत होती. "राऊतभाऊ, तुमच्या टेबलापासून कपाटापर्यंत एक पण पाऊल नाही?"

"मी पॉलिश लावलं नव्हतं ना, शेठ."

"उद्या लावून या. जरा कळू दे, कोण किती चालतं."

लक्षीबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिने आणि मी मिळून रॉकेलच्या बोळ्याने फरशी पुसली, मग माझे पायही तिनेच घासले, चुलीवरचं भांडं घासावं तसे. "पोरी, उद्या उघडे पाय घिऊन ये," ती म्हणाली.

उद्या! संध्याकाळी शेठनी जाता जाता राऊतभाऊंना सांगितलं, "मनीषाबेनचा कागद करा. ती इकडेच बसेल."

घरी तिघं दारातच उभे होते. मामांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "पॉलिशचा उपयोग झाला ना?"

"मामा," मी म्हटलं, "त्याच्याशिवाय नोकरी लागलीच नसती." यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी आत्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचे चार दिवस त्या घरात त्यांचं प्रत्येक मत मान्य झालं.

मग हिंगोलीला फोन लावला. आई रडली, हसली, परत रडली आणि तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं, "माझ्या मनीला ऑफिसात नोकरी लागली! शिकली ना ती. आमच्यासारखी अंगठा नाही लावत, सही करते."

आता तिला कसं सांगू, की सही मला येते, पण कायम मी झाले ती दोन्ही पायांचे ठसे देऊन?